सव्वा गुंठ्याचं मैदान

तेरेखोलची खाडी ओलांडली की फुटबॉल सुरू होतो. गोव्यानं २०१२ साली त्याला राज्याचा खेळ म्हणून मान्यता दिली, पण त्याच्या कितीतरी आधीपासून भात कापून रिकाम्या झालेल्या तिथल्या शेतांत गोलाचे बांबू उभे राहत आले आहेत. खाडीच्या अलीकडे, सिंधुदुर्गापासून वर पेण-अलिबागपर्यंत, त्याच दिवसांत आणि तशाच शेतांत वेगळीच गडबड चालते. जमीन खणली जाते, तिच्यावर पाणी मारलं जातं, ती चोपली जाते, मग सुतळ्या ताणल्या जातात. इकडचा खेळ कबड्डी. सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडे फुटबॉल खेळणारी पोरं आहेतच, पण वाडीचं नाव लागतं ते कबड्डीच्या संघाला. त्यातही ते बहुधा वाडीचं नसतंच, देवाचं असतं. वाघजाई, चंडिका, काळभैरव, रवळनाथ.

असं का, याची उत्तरं खूप दिली जातात. मातीतला खेळ, मर्दानी खेळ, वगैरे. मला पटलेलं उत्तर गुंठ्यांत मोजता येतं. फुटबॉलचं पूर्ण मैदान १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद, म्हणजे ७,१४० चौरस मीटर, जवळजवळ सत्तर गुंठे. कोकणात डोंगरउतारावर पायऱ्या काढून शेती केलेली. सलग सत्तर गुंठे सपाट जमीन मिळवायची तर पंधरा-वीस खाचरांचे बांध फोडावे लागतील, आणि तितक्याच घरांची भांडणंही उकरावी लागतील. कबड्डीचं अंगण १३ बाय १० मीटर. १३० चौरस मीटर, सव्वा गुंठा. एका फुटबॉल मैदानात अशी चोपन्न अंगणं बसतात. भोवती दोन-दोन मीटर मोकळी जागा सोडली तरी १७ बाय १४ मीटरचा तुकडा पुरतो. एवढं खाचर कोणत्याही वाडीत सापडतं, आणि एका मालकाची समजूत घालता येते.

पण ते दरवर्षी नव्यानं करावं लागतं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या मुलखात मातीचं मैदान टिकत नसतं. जूनमध्ये वरचा थर वाहून जातो, जुलैत हरळी उगवते, ऑगस्टात गांडुळांची विष्ठा ढिगाढिगानं वर येते. बाहेरच्या माणसाला ही अडचण वाटते. माझं मत उलटं आहे. क्रिकेटचं स्टेडियम एकदा बांधलं की गावानं त्याच्याकडे पाठ फिरवली तरी चालतं. कबड्डीच्या मैदानासाठी दर कार्तिकात पंचवीस-तीस माणसांना फावडं घेऊन यावंच लागतं, आणि वाडीत या खेळाचा वारसा जो काही आहे तो या फावड्यांनी सांभाळलेला आहे.

मैदान कसं करायचं हे कोकणाला कोणी शिकवावं लागलं नाही, कारण खळं करणं येत होतं. भात झोडायच्या आधी जमीन तासून, पाणी मारून, लाकडी चोपण्यानं बडवून आणि वर शेणानं सारवून खळं तयार होतं. दाणा मातीत मिसळू नये इतकं ते घट्ट झालं पाहिजे. कबड्डीचं मैदान म्हणजे मुद्दाम अर्धवट ठेवलेलं खळं. खालचे तीन इंच खळ्यासारखे टणक आणि वरचा एक इंच भुसभुशीत. हा हिशेब चुकला की पुढचं सगळं चुकतं. वरचा थर दोन-तीन इंचांचा झाला तर चढाईपटूचा पाय आत रुततो, तो वळतो आणि घोटा मागेच राहतो. थर अजिबात नसेल तर पकडीत खाली आलेल्याचा खांदा किंवा गळपट्टीचं हाड जातं. पारखायची रीत सोपी आहे. अनवाणी टाच जोरात आपटायची. अर्ध्या इंचाचा खळगा पडून त्याच्या कडा उभ्या राहिल्या तर मैदान झालं. कडा ढासळल्या तर माती कोरडी आहे. टाचेला चिखल लागला तर त्या रात्री सामना लावू नये.

मातीविषयी गावागावांत वाद आहेत, पण काही गोष्टी सगळ्यांना मान्य आहेत. डोंगरउतारावरची तांबडी माती पाणी लवकर सोडते आणि तिला भेगा कमी पडतात, म्हणून पाया तिचा. मात्र तिच्यात जांभ्याचे वाटाण्याएवढे गोल खडे असतात, आणि पकडीत कोपर सोलून निघतं ते त्यांनीच. चाळण पाव इंची जाळीची हवी. ती तिरपी उभी करून माती दोनदा मारायची. एकदाच चाळली तर सकाळी दवात भिजलेली ढेकळं जाळीवरून घरंगळून खड्यांबरोबर बाहेर जातात, आणि चांगली माती वाया गेल्याचं कोणाच्या लक्षातही येत नाही. नदीकाठच्या मळ्याची माती चिकट असते, ती धरून ठेवायला लागते, पण जास्त झाली की दुपारच्या उन्हात मैदानाला भेगा पडतात. प्रमाण साधारण असं ठेवतात : तीन घमेली चाळलेली तांबडी, एक घमेलं मळ्याची, अर्धं घमेलं लाकडाचा भुसा आणि अर्धं घमेलं पूर्ण कुजलेलं शेणखत. माती, शेणखत आणि भुसा हे खेळाच्या नियमपुस्तकातही सांगितलेलं आहे. वारुळाची माती सगळ्यांत बारीक आणि घट्ट बसणारी, पण वारूळ फोडायला गावात कोणी पुढे होत नाही, आणि ते बरंच आहे.

काय घालू नये, हे काय घालावं याच्यापेक्षा महत्त्वाचं. पुळणीची वाळू फुकट मिळते म्हणून किनाऱ्यावरच्या वाड्या ती आणून टाकतात आणि एका रात्रीत पस्तावतात. तिच्यात मीठ असतं. मीठ हवेतला ओलावा ओढतं, त्यामुळे रात्री मैदान निसरडं होतं आणि दुपारी त्याच्यावर पापडी धरते. सोललेल्या कोपराला ती वाळू लागली की गडी काय बोलतो ते लिहिता येणार नाही. खाजणातली माती त्याहून वाईट, खारट आणि चिकट दोन्ही. भुशाऐवजी भाताचा तूस घालायचा मोहही आवरावा. तूस धारदार असतो, कातडीला बोचतो आणि पायाखाली सरकतो. ताजं शेण तर नकोच. धनुर्वाताचे जंतू शेणामातीतच राहतात, म्हणून मोसम सुरू होण्याआधी संघातल्या प्रत्येकानं प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन इंजेक्शन घेतलेलं असावं. खरचटलं की साबण आणि वाहतं पाणी. मैदानातलीच माती जखमेवर चोळायची जुनी मर्दुमकी अजून दिसते. तिचं कौतुक करू नये.

मोजमाप ब्रासमध्ये (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) करावं, म्हणजे ट्रॅक्टरवाल्याशी बोलणं सोपं जातं. १७ बाय १४ मीटरवर चार इंचांचा थर म्हणजे साडेआठ ब्रास. दाबल्यावर माती बसते म्हणून दहा-अकरा धरावेत. खाचरातली मूळची माती चांगली असेल तर फक्त वरचा इंच बाहेरून आणायचा, दोन-सव्वादोन ब्रासांत भागतं. आधी भाताची धसकटं मुळासकट उपटायची. वरून कापलेलं धसकट मातीखाली खिळ्यासारखं उभं राहतं आणि आठवड्यानं पायात घुसतं. मग दोन इंच माती, पाणी, रात्रभर मुरवण, सकाळी रोलर. रोलर नसेल तर दोनशे लिटरचं पिंप पाण्यानं भरून, तोंड घट्ट लावून आडवं लोटायचं. दोनशे किलोचं वजन मिळतं आणि पोरांना मजाही येते. दुसरा थर तसाच. दुपारी झापांनी किंवा ओल्या गोणपाटानं मैदान झाकायचं, नाहीतर वरची कातडी आधी सुकते आणि फाटते. मध्यरेषेकडचा भाग दोन बोटं उंच ठेवायचा आणि चारी कडांना वीतभर रुंद चर मारायचा. अवकाळी पाऊस आता डिसेंबरातही येतो.

आखणीत सर्वांत जास्त चुका होतात, कारण ती सर्वांत सोपी वाटते. १३ आणि १० मीटर मोजून चार खुंट्या ठोकल्या की झालं, असं समजून काम केलं तर चौकोन हमखास तिरका होतो. दोन्ही कर्ण मोजावेत. प्रत्येक १६ मीटर ४० सेंटिमीटर भरला पाहिजे. महिलांच्या १२ बाय ८ च्या अंगणाचा कर्ण १४ मीटर ४२ सेंटिमीटर. रेषा तीन ते पाच सेंटिमीटर रुंद असते आणि ती अंगणाचाच भाग असते, म्हणून १३ मीटर बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत. मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर निदान रेषा, म्हणजे चढाईपटूनं निदान जी ओलांडायचीच ती, तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा आणि बोनसच्या मागे अंतिम रेषेपर्यंत उरतात अवघे १ मीटर ७५ सेंटिमीटर. दोन्ही बाजूंना एक-एक मीटरची लॉबी, झटापट सुरू झाली की खेळात येणारी कडेची पट्टी. लहान अंगणात निदान रेषा तीन मीटरवर आणि बोनस चारवर. पुरुषांच्या अंगणातच दुसऱ्या रंगानं महिलांच्या रेषा मारायची काटकसर करू नये. पकडपटू खाली बघून उभा राहतो, आणि घाईत तो चुकीच्या रेषेवर विश्वास ठेवतो.

रेषा मारायला फक्की वापरतात. कळीचा चुना वापरू नये. घामाशी आणि डोळ्याशी त्याचं वैर आहे. फक्की दर सामन्याला पुसली जाते, म्हणून काही ठिकाणी नवारीची पट्टी आकड्यांनी ठोकतात. दिसायला ती छान दिसते, पण माती सुकली की आकडे एकेक करून डोकं वर काढतात. पट्टीच लावायची तर आकडे अंगणाच्या बाहेर ठोकून पट्टी ताणावी, आणि मधल्या रेषांना फक्कीच बरी. दोन सामन्यांच्या मध्ये एक पोरगा सुतळी आणि फक्कीचा डबा घेऊन पळतो. त्या पोराला प्रमाणपत्र द्यावं असं कोणाच्या मनात येत नाही.

फक्कीचा एक मोठा फायदा आहे. मातीवर पुरावा राहतो. समोर सहा किंवा सात गडी असताना चढाईपटूनं बोनस रेषेपलीकडे एक पाय टेकवला आणि त्या क्षणी दुसरा हवेत असला तर गुण मिळतो. पाय टेकला की नाही यावरून दर रात्री पाच-सहा वेळा तरी आरडाओरडा होतो. चांगला पंच आवाजाकडे लक्ष देत नाही, वाकून बघतो. रेषेपलीकडे अंगठ्याचा ताजा ठसा आणि त्यात फक्कीचा पांढरा कण असेल तर बोनस. ठसा नसेल तर नाही. दुसरा पाय हवेत होता का, हे मात्र माती सांगत नाही, ते पंचाच्या डोळ्यांवर असतं. ठसे स्पष्ट उमटावेत म्हणून मध्यंतरात बोनस रेषेच्या मागची पट्टी हलक्या झाडूनं फिरवून घ्यावी. हे करणारी मैदानं कमी आहेत, आणि तिथं भांडणंही कमी होतात.

पाणी हा शेवटचा आणि सर्वांत नाजूक भाग. सामन्याच्या तीन-चार तास आधी हंड्यानं ओतायचं नाही, झारीनं शिंपडायचं. सगळ्या तुकड्याला दोन मिलिमीटर पाणी बसावं. हिशेबानं ते पावणेपाचशे लिटर होतं, म्हणजे दोनशे लिटरची अडीच पिंपं. माती मुठीत दाबली की लाडू व्हावा आणि दोन बोटांनी टिचकी मारली की तो फुटावा. पाणी कमी पडलं तर काय होतं ते उजेडाच्या झोतात दिसतं. धूळ गुडघ्याएवढी उठते, आणि तोंड उघडं ठेवून सलग ‘कबड्डी, कबड्डी’ म्हणणारा चढाईपटू तीच ओढतो. आता चढाईला ३० सेकंदांचं घड्याळ आहे. पूर्वी दम हेच घड्याळ होतं, आणि धुळीत दम लवकर तुटतो. घरच्या संघाला मैदानाची सवय असल्यानं तो दम राखून खेळतो आणि पाहुण्यांना खोकला येतो. याला डावपेच म्हणणारे लोक आहेत.

मध्यरात्रीनंतर उलटा त्रास. पौष-माघात दहिवर पडतं. बारा-साडेबाराला वरचा थर साबणासारखा होतो, आणि संध्याकाळी सुंदर घोटा पकड करणारा कोपऱ्यातला गडी आता नुसताच घसरत पुढे जातो. उपाय आधी करून ठेवावा लागतो. दुपारीच चार-पाच गोणी चाळलेली कोरडी माती आणि भुसा मंडपाखाली झाकून ठेवायचा. दर दोन सामन्यांनी तो पातळ पेरायचा आणि झाडूनं पसरायचा. ढीग टाकून पायानं सारवला तर मऊ उशी तयार होते, आणि तिथंच पुढचा घोटा मुरगळतो.

दिव्यांचं थोडक्यात. चार कोपऱ्यांना चार खांब, उंची किमान वीस फूट, प्रकाश आतल्या बाजूला तिरपा. खांब मध्यरेषेच्या टोकांना लावले तर झोत थेट लॉबीत उतरणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. वीज महावितरणची तात्पुरती जोडणी घेऊन किंवा जनित्रावर. आकडा टाकून नाही, ओल्या मैदानाशेजारी तर मुळीच नाही. प्रेक्षकांसाठी दोर बांधावा, तार नको. दोर आणि अंतिम रेषा यांच्यात तीन मीटर तरी राहावेत. तीन जणांच्या साखळीनं चढाईपटूला बाहेर फेकला की तो एकटा जात नाही, चौघंही जातात, आणि दोराच्या आत येऊन बसलेली बारकी पोरं नेमकी त्यांच्या वाटेत असतात. स्पर्धेतला सगळ्यांत वाईट अपघात खेळाडूंचा नसतो, या पोरांचा असतो.

पहिल्या सामन्याआधी गाऱ्हाणं. गावकार हात जोडून ग्रामदेवतेला सांगतो, बाहेरगावची लेकरं आली आहेत, कोणाचा हातपाय मोडू देऊ नको, आणि मागं उभे असलेले सगळे एका सुरात ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. नारळ वाढवायचा तो मैदानाबाहेर जांभ्याच्या चिऱ्यावर. मध्यरेषेवर नारळ फोडला की फोटो चांगला येतो. करवंटीचा नखाएवढा तुकडा मात्र मातीत जातो, आणि तो अनवाणी पायालाच सापडतो.

एका रात्रीत स्पर्धा उरकण्याचं गणित कोणीच नीट करत नाही. बाद पद्धतीत सोळा संघ म्हणजे पंधरा सामने. पुरुषांचा पूर्ण सामना २० मिनिटांचे दोन डाव आणि मध्ये ५ मिनिटं विश्रांती, थांबे धरून तास सहज जातो. पंधरा तासांची रात्र पौषातही नसते. म्हणून दहा-दहा मिनिटांचे डाव करतात. नाणेफेक, रेषा मारणं, संघ मैदानात येणं हे धरून एका सामन्याला पस्तीस मिनिटं, पंधरा सामन्यांना पावणेनऊ तास. सातला सुरू केलं तर अंतिम सामना पावणेचारला संपतो. प्रत्यक्षात सातला सुरू होत नाही, कारण उद्घाटक साडेआठला येतात. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार ज्या मोजक्या दिवशी सरकार सूट देतं तेव्हाही ती बारापर्यंतच. त्यामुळे ‘या चढाईवर अमुक यांच्याकडून पाचशे रुपये’ ही घोषणा लवकर आवरते आणि उरलेली रात्र शिट्टीवर चालते. खरं सांगायचं तर कबड्डी तेव्हाच ऐकू येते. चढाईपटूचा दम, पकडीचा धप्प आवाज, कोपऱ्यातून कोणीतरी दातओठ खाऊन दिलेला ‘मेल्या, पाय काढ’ हा सल्ला. संघ तेवीस आले तर नऊ जणांना पुढे चाल, म्हणजे न खेळताच पुढची फेरी, द्यावी लागते, आणि ती चिठ्ठी सगळ्यांसमोर, लहान मुलाच्या हातून काढावी. यजमान संघाला पुढे चाल मिळाली की चिठ्ठी कितीही खरी असली तरी कोणी ती खरी मानत नाही.

पंचांची माणसं मोजून घ्यावीत. एक सरपंच (गावचा नव्हे, सामन्याचा मुख्य पंच), दोन पंच, एक गुणलेखक आणि त्याचे दोन सहायक. गुणलेखकाकडे मंडळं दुर्लक्ष करतात. कोण कितवा बाद झाला आणि कोणत्या क्रमानं आत येणार हे त्याच्या कागदावर असतं. आपण खेळतो तो प्रकार संजीवनी. जितके समोरचे बाद, तितके आपले क्रमानं जिवंत. गामिनीत बाद झालेला गडी संपूर्ण संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसायचा, आणि अमरमध्ये कोणी बाहेर जायचंच नाही. जुन्या मंडळींच्या तोंडी हे शब्द अजून आहेत. क्रम चुकला, की लोण (अख्खा संघ बाद) लागून दोन गुण जायचे ते जात नाहीत, आणि चूक उघडी पडते तेव्हा रात्रीचे दोन वाजलेले असतात. गुणलेखकाला चहा आधी द्यावा.

हे सगळं उभं करायला लागणारा पैसा बराचसा मुंबईहून येतो. गिरण्यांच्या काळात कोकणातला गडी लालबाग-परळला राहायला गेला आणि कबड्डी बरोबर घेऊन गेला. चाळीच्या मागच्या मोकळ्या पट्टीत, व्यायामशाळेच्या अंगणात तिकडेही सव्वा गुंठाच मिळत होता. १९८२ च्या संपानं गिरण्या मोडल्या, पण वाडीची मुंबईतली मंडळं राहिली. चषक आणि जर्सी तिकडून, जमीन आणि अंगमेहनत इकडून, अशी वाटणी कोणी न ठरवता झालेली आहे. मे महिन्यातली स्पर्धा चाकरमान्यांसाठी, कार्तिकानंतरची गावासाठी. खेळाच्या जोरावर पोलिसात, रेल्वेत, बँकेत लागलेला एखादा मुलगा प्रत्येक पंचक्रोशीत असतो. आया मुलांना कबड्डीला सोडतात त्यामागे हे कारण असतं, संस्कृती वगैरे नाही.

त्यातूनच मॅटचा प्रश्न येतो. २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली आणि टीव्हीच्या पडद्यावरची कबड्डी मॅटचीच झाली. निवड चाचण्याही मॅटवर होऊ लागल्या. मातीवर वाढलेला मुलगा तिथं पहिल्यांदा बूट घालतो. मातीत पाय थोडा सरकतो, त्या सरकण्यावर त्याची वळणं बेतलेली असतात. मॅटवर बूट चिकटतो, वळण पायाच्या पंज्यात न होता गुडघ्यात होतं. मुलगा हळू आहे असं निवड समितीला वाटतं. तो हळू नसतो, घाबरलेला असतो. म्हणून तालुक्याला एक तरी मॅट हवं, याबद्दल दुमत नसावं. पण ते उघड्यावर, खाचरात अंथरायचं नसतं. खालची जमीन पाव इंच जरी वरखाली असली तरी तुकड्यांचे सांधे उघडतात आणि बुटाचं टोक त्यात अडकतं. दहिवर पडलं तर मॅटवर कोरडी माती पेरता येत नाही, पुसत बसावं लागतं, आणि पुसून होईपर्यंत ते पुन्हा ओलं होतं. मॅटला छप्पर आणि फरशी लागते, म्हणजे इमारत लागते, म्हणजे निधी लागतो, म्हणजे कोणीतरी मोठा माणूस लागतो. मातीला चाळण लागते. बारा-चौदा वर्षांच्या पोरांनी मातीवरच शिकावं असं मला वाटतं. पडायला भीती वाटेनाशी झाली की मग बूट.

पंधरा जुलै हा महाराष्ट्रात कबड्डी दिन, कबड्डीमहर्षी बुवा साळवी यांचा जन्मदिवस. कोकणात त्या दिवशी मैदानात घोटाभर पाणी असतं आणि बहुतेक ठिकाणी भाताची लावणी चाललेली असते. हार आणि भाषण शाळेच्या पडवीत होतं.

त्याच्याआधी, मृग लागायच्या आत, एक काम उरकावं लागतं. वरचा इंचभर थर फावड्यानं खरवडून गोणीत भरायचा. फक्त अंगणापुरता घेतला तरी तो सव्वातीन घनमीटर होतो, शंभर-एक गोणी. ही माती दोन-तीन वर्षं चाळलेली, पायाखाली बारीक झालेली असते आणि नव्या मातीपेक्षा कितीतरी चांगली. ती देवळाच्या मागच्या पडवीत, जमिनीपासून वर फळ्यांवर रचायची. जमिनीवर ठेवली तर वाळवी गोण्या खाते आणि कार्तिकात नुसता ढीग हाती येतो. जी मंडळं हे करत नाहीत ती दरवर्षी दोन ब्रास विकत घेतात आणि वर्गणी पुरत नाही म्हणून ओरडतात.

मग खाचर मालकाच्या ताब्यात. त्याची तक्रार ठरलेली असते, आणि ती खोटी नसते. खाली राहिलेला भुसा कुजताना जमिनीतलं नत्र स्वतःच घेतो, त्यामुळे लावणीनंतर महिन्याभरानं बाकीचं शेत हिरवं आणि मधला एक चौकोन पिवळट दिसतो. टेकडीवरून पाहिलं तर कोपरे बरोबर काटकोनात. सतरा बाय चौदाच्या तुकड्याला पाच-सहा किलो युरिया दोन हप्त्यांत दिला तर तो रंग जातो. त्यामुळे मंडळाच्या जमाखर्चात मंडप, जनित्र, चषक, पंचांचं मानधन यांच्या खाली शेवटची ओळ युरियाची असते. लागतात सहा किलो. मालक लिहायला लावतो पंचेचाळीस किलोची अख्खी गोणी, आणि खजिनदार लिहितो.